ताज्या बर्फावर उतरण्याआधी

काश्मीरमधल्या गुलमर्गचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 2,650 मीटरवर आहे. तिथून निघणाऱ्या केबल कारचा पहिला टप्पा कोंगडूरीला संपतो, आणि 2005 मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा माणसाला अफरवटच्या धारेजवळ, 3,900 मीटरच्याही वर नेऊन सोडतो. केबल कारच्या आसपासचा भाग गस्ती पथकाच्या देखरेखीखाली असतो. तिथल्या बर्फाची पाहणी होते आणि गरज पडली तर स्फोटके लावून धोक्याचा बर्फ आधीच खाली पाडला जातो. त्या हद्दीपलीकडे मोकळा डोंगर सुरू होतो. स्कीइंग करणारे त्याला ‘बॅककंट्री’ म्हणतात. 2023 च्या जानेवारीअखेरीस इथे जोरदार बर्फवृष्टी झाली आणि 1 फेब्रुवारीला अफरवटच्या हापतखुड भागात हिमस्खलन होऊन पोलंडचे दोन स्कीअर मरण पावले. वीसच्या आसपास माणसांना वाचवता आले. पुढच्या वर्षी, 22 फेब्रुवारी 2024 रोजी, पुन्हा मोठ्या बर्फवृष्टीनंतर, खिलनमर्गच्या वरच्या अंगाला रशियन स्कीअरचा एक गट हिमस्खलनात सापडला आणि त्यातला एक जण गेला. दोन्ही वेळा बर्फ ताजा होता आणि जागा मोकळ्या डोंगरातली होती. असा बर्फ पडून गेल्यावर समोरचा उतार धोक्याचा आहे की नाही हे ठरवायचे कसे, हा या पुस्तकाचा विषय आहे. बर्फाचे शास्त्र, उपकरणे, शोध आणि बचाव यांवर पुढे स्वतंत्र प्रकरणे आहेत. प्रस्तावनेत मला एकच मुद्दा मांडायचा आहे: ‘हा बर्फ टिकेल का’ या प्रश्नाच्या उत्तरावर आपला जीव टांगू नये. त्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर उतारावर उभ्या असलेल्या माणसाला जवळजवळ कधीच मिळत नाही. उताराचा कोन, त्याच्या वर काय आहे आणि खाली काय आहे, हे मात्र आदल्या संध्याकाळीही बऱ्याच अंशी कळू शकते. निर्णय त्यावर उभा करावा.

हे पटायचे तर आधी बर्फाची घडण पाहावी लागते. वरून एकसंध दिसणारा बर्फ डोंगरावर थराथरांनी साचलेला असतो. प्रत्येक वादळाचा एक थर, मधल्या उन्हाने वितळून पुन्हा गोठलेला एक पापुद्रा, वाऱ्याने आणून दाबून बसवलेला एक. या थरांची आपसातली पकड सारखी नसते. जीव घेणारी हिमस्खलने बहुतांशी ‘स्लॅब’ प्रकारची असतात. वर कणांनी एकमेकांना धरून ठेवलेला सलग थर, त्याच्याखाली ठिसूळ थर, आणि हे सगळे पुरेशा तीव्र उतारावर, अशी ती मांडणी असते. स्कीअरचे वजन पडले की ठिसूळ थर एका जागी चिरडतो, तिथली भेग त्या थरातून आडवी धावते आणि निमिषात उतार तुटतो, तोही बहुधा स्कीअरच्या बराच वर. त्यामुळे माणूस स्लॅबच्या कडेला नसतो, मधोमध असतो, आणि बाजूला निसटायला त्याला जागाच उरत नाही. भेग दूरवर पसरू शकते म्हणून असेही घडते, की माणूस खालच्या सपाटीवर चालत असतो आणि वरचा तीव्र उतार त्याच्या वजनाने सुटतो. आल्प्स आणि उत्तर अमेरिकेतल्या नोंदींनुसार, सहलीला निघालेल्या माणसांचा बळी घेणारी दहातली साधारण नऊ हिमस्खलने त्या माणसानेच किंवा त्याच्या गटातल्या कोणीतरी सुरू केलेली असतात. म्हणजे डोंगर आपणहून अंगावर कोसळला असे क्वचितच होते. आपण विशिष्ट वेळी विशिष्ट जागी गेलो म्हणून तो कोसळतो. या आकड्याने घाबरून जाण्यापेक्षा त्यात दडलेली आशा मी पाहतो, कारण जे आपल्या पावलाने सुरू होते ते पाऊल न टाकल्याने टळू शकते.

ताज्या बर्फाने या मांडणीत दोन गोष्टी होतात. खालच्या थराला नव्या ओझ्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो आणि ओझे त्याआधीच येऊन पडते. शिवाय नवा थर स्वतःच स्लॅब बनतो. किती बर्फ पडला म्हणजे सावध व्हायचे, याचे स्वित्झर्लंडमध्ये रूढ असलेले ढोबळ प्रमाण सांगण्यासारखे आहे. परिस्थिती अनुकूल असेल, म्हणजे वारा मंद, थंडी बेताची आणि उतार नेहमी वापरातला असेल, तर 30 ते 50 सेंटिमीटर नवा बर्फ धोक्याची पातळी गाठतो. जोराचा वारा आणि कडक थंडी असेल, तर त्यासाठी 10 ते 20 सेंटिमीटरही पुरतात. इतका फरक पडतो तो मुख्यतः वाऱ्यामुळे. वारा धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलतो आणि आडोशाच्या बाजूला नेऊन टाकतो, आणि हे साचणे आभाळातून पडणाऱ्या बर्फाच्या कित्येक पट वेगाने होऊ शकते. खालच्या पठारावर घोट्याएवढा बर्फ पडला असेल तेव्हा धारेखालच्या घळीत कमरेएवढा साचलेला असू शकतो. हॉटेलच्या अंगणात पट्टी रोवून बर्फ मोजणाऱ्याला याचा पत्ता लागत नाही. हिमवृष्टी थांबली, आभाळ निळे झाले, तरी वारा चालू असेल तर उतारांवर ओझे चढतच असते.

हिमालयाच्या हिवाळ्यात आणखी एक गुंतागुंत आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत कमी समजली जाते. पश्चिमी विक्षोभ येतात तसा बर्फ पडतो, आणि दोन विक्षोभांमध्ये कधी कधी आठवडेच्या आठवडे कोरडे जातात. अशा काळात डोंगरावर बर्फाचा पातळ थर असतो. त्याचा तळ जमिनीच्या उबेने शून्य अंशाजवळ राहतो आणि पृष्ठभाग निरभ्र रात्री कितीतरी खाली उतरतो. बर्फाच्या जाडीत तापमानाचा मीटरमागे साधारण 10 अंशांहून अधिक फरक पडला, की आतली वाफ खालून वर सरकत जाते आणि गोल कणांचे मोठे, कोनदार कण बनतात. ते एकमेकांना चिकटत नाहीत. मुठीत घेतला तर हा बर्फ जाड साखरेसारखा बोटांमधून ओघळतो. पुढच्या वादळाचा सारा भार मग अशा पायावर येऊन बसतो. वादळाचा नवा बर्फ स्वतःपुरता दोन-चार दिवसांत बसतो, घट्ट होतो, म्हणून ‘बर्फ थांबल्यावर दोन दिवस थांबा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. खाली दाणेदार थर असेल तर धोका आठवडे, कधी महिनाभरही टिकतो. 2024 च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार जवळपास उघडे होते. त्याची छायाचित्रे देशभर छापून आली होती. बर्फ आला तो उशिरा आणि मग एकदम. त्या फेब्रुवारीतल्या हिमस्खलनाचे नेमके कारण दुरून ठरवणे रास्त नाही. पण आधी पातळ बर्फ, मग लांबलेला कोरडा काळ आणि मग मोठी वृष्टी हा क्रम जगात कुठेही दिसला, तरी जाणकाराने कान टवकारावेत असाच आहे.

इतके सारे कळले तर अनुभवी माणसाला बर्फ वाचता यायला हवा, असे वाटणे स्वाभाविक आहे. माझा मतभेद इथे सुरू होतो. अनुभवाने शहाणपण येते ते चूक झाल्याची खूण चटकन आणि दर वेळी मिळते तेव्हा. सह्याद्रीत भटकणाऱ्याला हे सांगायला नको. सुट्या मुरमावर पाय पडला की तो घसरतो, कच्च्या कातळाची पकड हातात निखळून येते, आणि शरीर तो धडा विसरत नाही. ताज्या बर्फाने भरलेला उतार असे काही शिकवत नाही. समजा, एखाद्या उतारावरून वीस जण खाली गेले आणि काही झाले नाही. निर्णय बरोबर होता म्हणून झाले नाही, की वीसही जणांची वाट ठिसूळ थराच्या नाजूक जागा चुकवून गेली म्हणून झाले नाही, हे त्यांना कळायला मार्ग नसतो. हाती येतो तो उतरण्याचा आनंद आणि ‘आपल्याला जमते’ हा विश्वास. चुकीचा निर्णय आणि बरोबर निर्णय यांचे बक्षीस एकच असते. मानसशास्त्रज्ञ रॉबिन होगार्थ यांनी शिकण्याच्या परिस्थितींत भेद केला आहे. काही परिस्थिती प्रामाणिकपणे शिकवतात, काही शिकणाऱ्याची दिशाभूल करतात. हिमस्खलनाचा धोका दुसऱ्या प्रकारात अगदी चपखल बसतो. म्हणून ‘मी वीस वर्षे स्कीइंग करतो आहे’ हे वाक्य स्कीइंगच्या कौशल्याचा पुरावा आहे. हिमस्खलन ओळखण्याच्या कौशल्याचा तो पुरावा होत नाही.

हा नुसता तर्क नाही. अमेरिकन संशोधक इयन मॅकॅमन यांनी 1972 ते 2003 या काळातल्या 715 अपघातांच्या नोंदी तपासल्या. बळी पडलेल्यांत प्रशिक्षण घेतलेले पुष्कळ होते आणि बहुतेक अपघातांच्या आधी धोक्याच्या उघड खुणा हजर होत्या: ताजे हिमस्खलन, नवा बर्फ, वाऱ्याने भरलेला उतार, बर्फ बसल्याचा ‘धप्प’ आवाज. माणसांना खुणा ठाऊक नव्हत्या असे नाही. त्या क्षणी त्यांचा निर्णय दुसऱ्याच गोष्टींनी घडत होता. ओळखीची जागा, गटाला दुखवण्याचा संकोच, ठरवलेला बेत सोडवत नाही ही भावना, गटात कोणीतरी ‘जाणकार’ आहे हा भरवसा, दुसऱ्यांच्या ताज्या स्कीखुणा, आणि स्वच्छ उतार आपल्याआधी कोणी गाठेल ही घाई. यातली विचार करायला लावणारी नोंद ओळखीच्या जागेबद्दलची आहे. अनोळखी डोंगरात वरच्या दर्जाचे प्रशिक्षण घेतलेले लोक अधिक सावध असत, ओळखीच्या डोंगरात तो फरक जवळजवळ पुसला जाई. अमेरिकेत 19 फेब्रुवारी 2012 रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या टनेल क्रीकच्या उतारावर तीन जण मरण पावले. त्या गटात स्कीइंग हाच व्यवसाय असलेली, त्या डोंगराला सरावलेली माणसे होती. 20 एप्रिल 2013 रोजी कोलोरॅडोत लव्हलँड खिंडीजवळ शीप क्रीकमध्ये सहा जण हिमस्खलनात सापडले, त्यातले पाच गेले. त्यांना त्या दिवसाच्या धोक्याची माहिती होती, वाईट उतार टाळायचा त्यांचा बेतही होता, आणि त्यासाठी सुरक्षित जागा गाठताना ते त्याच उताराच्या पायथ्यात आले. आपल्याकडे 4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तराखंडमधल्या द्रौपदी का डांडा-2 या शिखरावर ताज्या बर्फानंतर हिमस्खलन झाले. गिर्यारोहण शिकायला गेलेली मुले आणि त्यांचे प्रशिक्षक त्यात सापडले, 27 मृतदेह मिळाले आणि दोघे बेपत्ता राहिले. त्यांच्यात एव्हरेस्टवर जाऊन आलेली प्रशिक्षिकाही होती. या माणसांना निष्काळजी म्हणून बाजूला सारणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. त्यांच्यापेक्षा आपल्याला अधिक कळते असे समजण्यात पुढच्या अपघाताचे बीज आहे.

मग बर्फ खोदून, थर तपासून पाहिले तर? गेल्या काही दशकांत अशा चाचण्या पुष्कळ सुधारल्या आहेत. बर्फात खड्डा खणायचा, 90 सेंटिमीटर रुंद आणि उताराच्या दिशेने 30 सेंटिमीटर असा स्तंभ मोकळा करायचा, त्याच्या एका टोकावर फावडे ठेवून हाताने ठरावीक ठोके द्यायचे आणि भेग दुसऱ्या टोकापर्यंत धावते का ते पाहायचे. भेग धावली, तर परत फिरायला तेवढा पुरावा पुरेसा आहे. धावली नाही, तर काय कळले? एवढ्याशा तुकड्यात, या जागी, आत्ता भेग धावली नाही, इतकेच. उतार हजारो चौरस मीटरांचा असतो. खडकाजवळ बर्फ पातळ, खोलगट भागात जाड, वाऱ्याने एकीकडे घट्ट बसवलेला आणि दहा पावलांवर पोकळ. चाचणीच्या होकाराचे आणि नकाराचे वजन सारखे नाही, हे या विषयातले सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित सत्य आहे असे मला वाटते. चाचणी आपल्याला थांबवू शकते, परवानगी देऊ शकत नाही. स्वित्झर्लंडचे पर्वतमार्गदर्शक वेर्नर मुंटर या निष्कर्षापर्यंत पोहोचले ते बर्फाच्या अशाच चाचण्यांत वर्षानुवर्षे घालवल्यानंतर. एकाच उतारावर जागोजागी निकाल बदलतात हे पाहून त्यांनी 1990 च्या दशकात प्रश्नच फिरवला. त्यांच्या पद्धतीचा गाभा साधा आहे: हिमस्खलनाच्या बुलेटिनमधली, पाच पायऱ्यांच्या मापातली, धोक्याची पातळी 2 असेल तर 40 अंशांहून तीव्र उतार सोडा, 3 असेल तर 35 अंशांहून, 4 असेल तर 30 अंशांहून. बर्फाच्या आत काय चालले आहे ते आपल्याला कळत नाही असे गृहीत धरून आखलेली ही पद्धत आहे, आणि तिचे सामर्थ्य त्या कबुलीत आहे.

कोनालाच एवढे महत्त्व का, याचे उत्तर नोंदींत आहे. स्लॅब सुटते ती साधारणपणे 30 अंशांपासून पुढच्या उतारावर. स्कीअरांनी सुरू केलेली बहुतेक हिमस्खलने 35 ते 45 अंशांच्या पट्ट्यात मोडतात. दुर्दैवाने स्कीइंगची खरी मजाही याच पट्ट्यात आहे. पण कोन ही अशी एकच गोष्ट आहे जी रात्रीतून बदलत नाही, जिच्याबद्दल मतभेद होत नाहीत आणि जी मोजता येते. नकाशावरच्या समोच्च रेषांवरून तिचा अंदाज घरबसल्या घेता येतो, उतारावर साध्या कोनमापकाने किंवा मोबाइलनेही ती मोजता येते. मोजताना सावधगिरी हवी. उताराचा सरासरी कोन पाहून चालत नाही, त्यातला सर्वांत तीव्र टप्पा पाहावा लागतो, कारण स्लॅब तिथून सुटते. मोबाइलमधल्या रंगीत नकाशांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. हिमालयाच्या बऱ्याच भागांत असे नकाशे उपग्रहाच्या साधारण 30 मीटर चौकटींवर आधारलेले असतात, आणि दहा-पंधरा मीटरांचा तीव्र उंचवटा त्या चौकटीत सपाट होऊन दिसेनासा होतो. कोनाबरोबर उताराच्या वरचे आणि खालचे पाहायचे. वर कोणता उतार जोडलेला आहे, त्याच्या माथ्यावर वाऱ्याने बर्फाची छत्री तयार केली आहे का. खाली घळ आहे, कडा आहे, की हळूहळू सपाट होत जाणारे मोकळे मैदान आहे. थोडासाच बर्फ सुटला आणि खाली अरुंद घळ असली, तर तो सगळा एका जागी साठून माणसाला खोल गाडतो. तेवढाच बर्फ मोकळ्या मैदानात पसरला, तर माणूस उठून उभा राहू शकतो. त्यामुळे 32 अंशांचा एक उतार चालण्याजोगा आणि 32 अंशांचाच दुसरा सर्वस्वी टाळण्याजोगा ठरतो.

या म्हणण्यावर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. पहिला आक्षेप असा, की धोक्याचे बुलेटिन असताना एवढा खटाटोप कशाला. भारतात संरक्षण खात्याची हिमस्खलन अभ्यास संस्था 1969 पासून हे काम करत आली. 2020 मध्ये ती आजच्या डीजीआरई या संस्थेत विलीन झाली, आणि काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंडसाठी इशारे तिच्याकडून येतात. हे काम मोलाचे आहे आणि बुलेटिन न पाहता निघणे अक्षम्य आहे. पण बुलेटिन जिल्ह्याबद्दल आणि उंचीच्या पट्ट्याबद्दल बोलते. तुमच्या समोरच्या घळीबद्दल ते काही सांगू शकत नाही. शिवाय पाच पायऱ्यांच्या मापात सर्वाधिक माणसे सर्वांत वरच्या पायऱ्यांवर मरत नाहीत. पातळी 4 किंवा 5 असली की लोक घरीच थांबतात. स्वित्झर्लंडमध्ये साधारण निम्मे बळी पातळी 3 च्या दिवशी जातात. 3 हा आकडा पाचाच्या मध्यावर असल्याने तो मनाला मध्यम वाटतो. प्रत्यक्षात त्या पातळीचा अर्थ असा, की तीव्र उतारावर एकट्या माणसाच्या वजनानेही हिमस्खलन सुटू शकते.

दुसरा आक्षेप स्थानिक गाइडबद्दलचा आहे. तंगमर्ग, गुलमर्गची मुले ज्या डोंगरात वाढली तो त्यांना ठाऊक नसेल तर कोणाला असेल? यात तथ्य आहे, आणि माझ्या मांडणीला त्याचा आधारच मिळतो. कोणती घळ कोणत्या वर्षी कुठपर्यंत आली, वारा कुठून बर्फ आणून कुठे टाकतो, हे त्यांचे ज्ञान जमिनीबद्दलचे आहे, आणि जमीन टिकून राहते. आजचा बर्फ टिकेल की नाही, हे मात्र त्यांनाही दिसत नाही. आणि त्यांच्यावर एक ओझे असते ज्याबद्दल पाहुणे सहसा विचार करत नाहीत. ज्याने चार दिवसांच्या सुट्टीचे पैसे मोजले आहेत त्याला ‘आज वर जायचे नाही’ असे सांगण्यात गाइडची आजची आणि उद्याची कमाई पणाला लागते. म्हणून पहिल्याच दिवशी गाइडला स्पष्ट सांगावे, की तू नको म्हणालास तर आम्ही वाद घालणार नाही आणि तुझे पैसेही कापणार नाही. एवढे न सांगता त्याच्या अनुभवावर विसंबणे म्हणजे त्याच्या अडचणीचा फायदा घेणे आहे. गुलमर्गच्या त्या दोन्ही अपघातांत हद्दीबाहेर धावून जाणारे गस्ती पथक आणि गावकरी याच खोऱ्यातले होते, हेही विसरू नये.

तिसरा आक्षेप उपकरणांचा. 457 किलोहर्ट्झवर संदेश देणारा-घेणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसायची सळई आणि फावडे ही तीन साधने प्रत्येकाकडे हवीतच, यावर दुमत नाही. फुगणारी एअरबॅगही पाठीवर असेल तर उत्तम. पण ती काय करू शकते हे आकड्यांत पाहावे. 2014 च्या एका मोठ्या अभ्यासात एअरबॅग फुगल्याने, गंभीरपणे सापडलेल्यांतले मृत्यूचे प्रमाण 22 टक्क्यांवरून 11 टक्क्यांवर आले. ही घट फार मोठी आहे आणि उरलेले 11 टक्केही फार मोठे आहेत. पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाची वाचण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सुमारे 90 टक्के असते आणि 35 मिनिटांना ती 30 टक्क्यांच्या आसपास येते. एवढ्या वेळात हेलिकॉप्टर येत नाही, खालून पथक येत नाही. वाचवू शकतात ते शेजारी उभे असलेले साथीदार, आणि तेही गाडले गेले नसतील तर. खडकावर किंवा झाडावर आपटून होणारे मृत्यू तर कोणत्याच साधनाने टळत नाहीत.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. असे नियम लावून बसलात तर डोंगरात जायचेच कशाला, धोका पत्करणे हाच या खेळाचा प्राण आहे, आणि मुंटर यांच्या मर्यादा पाळल्या तर कितीतरी दिवस प्रत्यक्षात निर्धोक असलेले उतार उगाच सोडावे लागतात. हे खरे आहे. ज्यांवर काही झाले नसते असे अनेक उतार सोडावे लागतील. पण कोणत्या उतारावर काही झाले नसते हे सांगता येत असते, तर हा सारा विषयच उरला नसता. सोडलेला उतार परत मिळतो. पुढच्या आठवड्यात, बर्फ बसल्यावर, त्याच धारेवरून उतरता येते. आणि ताज्या बर्फाच्या दिवशी 30 अंशांखालचे उतार काही कमी प्रतीचे नसतात. गुलमर्गच्या खालच्या अंगाला देवदारवर्गी वृक्षांच्या मधून जाणारे सौम्य उतार नव्या बर्फात जे सुख देतात, त्यासाठी लोक समुद्र ओलांडून येतात. मात्र झाडे दिसली म्हणजे जागा निर्धोक असा अर्थ काढू नये. जिथून स्कीवर मोकळेपणाने जाता येते इतकी विरळ झाडी बर्फ धरून ठेवत नाही. धोका पत्करण्याच्या स्वातंत्र्याबद्दल मला आदर आहे. माणूस डोळसपणे धोका पत्करत असेल तर त्याला कोणी अडवू नये. पण आपण धोका पत्करतो आहोत हेच ज्याला माहीत नाही, बर्फ आपल्याला वाचता येतो अशी ज्याची समजूत आहे, त्याने स्वातंत्र्य वापरले असे म्हणता येत नाही. आणि त्याच्यामागून त्याच्या खुणांवरून जाणाऱ्या चौघांनी तर नाहीच नाही.

पुढची प्रकरणे या मांडणीनुसार लावलेली आहेत. जमीन आणि नकाशा आधी येतात, हवामान आणि बुलेटिन त्यानंतर, बर्फाचे थर आणि चाचण्या त्याच्याही नंतर. अनेक पाठ्यपुस्तकांत हा क्रम उलटा असतो, आणि वाचकाची अशी समजूत होते की खड्डा खणायला शिकलो म्हणजे काम झाले. गटाने निर्णय कसा घ्यावा यावरचे प्रकरण छोटे आहे, तरी ते वगळू नये. बेत ठरतो तो रात्री, उबेत, भरल्या पोटी. उतारावर थंडीत, समोर कोरा बर्फ दिसत असताना नव्याने विचार करण्याची ताकद फार थोड्यांत असते. म्हणून कोणत्या कोनाच्या वर जायचे नाही, कोणती खूण दिसली की मागे फिरायचे, हे आदल्या रात्री ठरवून ठेवायचे, आणि सकाळी तो निर्णय कडक करता येईल पण सैल करता येणार नाही, एवढे पाळायचे. गटातल्या एकाचा नकार पुरेसा मानायचा आणि त्याच्याकडे कारण मागायचे नाही.

महाराष्ट्रातून दर हिवाळ्यात गुलमर्ग, औली, सोलंगच्या उतारांकडे जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे. गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी स्कीइंगचे प्राथमिक धडे घेऊन आलेली मुले दोन-तीन हंगामांत हद्दीबाहेरच्या डोंगराकडे पाहू लागतात. वळणे घेता येऊ लागणे आणि उतार निवडता येणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे त्यांना सांगण्याची जबाबदारी त्यांना नेणाऱ्या संस्थांची आणि ज्येष्ठांची आहे. त्यासाठी हिमालयात जाईपर्यंत थांबायची गरज नाही. समोच्च रेषांवरून कोन काढण्याचा सराव पुण्या-नाशकातल्या खोलीत बसून होतो. ट्रान्सीव्हर पिशवीत घालून मैदानात लपवायचा आणि तो शोधायचा, हा सराव बर्फाशिवाय करता येतो, आणि दहा मिनिटांच्या आत तो सापडेपर्यंत करावा. जे गिर्यारोहण क्लब या हंगामात गट घेऊन निघणार आहेत, त्यांना माझी विनंती आहे की प्रवासाची तिकिटे काढण्याआधी हा सराव एकदा तरी घ्यावा, आणि जो सदस्य त्याला आला नाही त्याला हद्दीबाहेर नेऊ नये.